वाइनरी बघायला? आणि आपण बायकांनी?

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून कपाळाला आठ्या पडल्या ना? पडू द्या. आमच्या करमाडच्या भिशीमंडळातही पडल्या होत्या. आपल्या सहली ठरलेल्या. शिर्डी, शनिशिंगणापूर, वेरूळचं घृष्णेश्वर, आणि फारच हौस असली तर महाबळेश्वर. त्यात कोणी "नाशिकला द्राक्षांच्या वाइनरी बघू या" म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "घरी काय सांगायचं?" आणि दुसरा, जरा हळू आवाजात, "तिथे प्यावं लागतं का गं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, प्यावं लागत नाही. साखर कारखाना बघायला गेलं म्हणून कोणी पोतंभर साखर खात नाही, तसंच हे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र एवढं सोपं नाही. दारूने किती संसार धुळीला मिळवले ते आपल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही, गल्लीत दिसतं. म्हणून हा लेख नुसता "चला मजा करू या" असा नाही. काय बघायचं, कसं बघायचं, काय विचारायचं आणि कुठे "नको" म्हणायचं, ते सगळं सांगणार आहे.

आम्ही सातजणी गेल्या जानेवारीत दोन दिवसांसाठी जाऊन आलो. सर्वांत लहान बत्तीस वर्षांची, सर्वांत मोठ्या काकू अडुसष्ट.

द्राक्ष आपल्याला परकं नाही

आधी एक गंमत. द्राक्ष म्हटलं की आपण नाशिकचं नाव घेतो. पण चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा प्रवासी आपल्या दौलताबादला येऊन गेला, आणि तिथे द्राक्षं नि डाळिंबं होतात, वर्षाला दोन पिकं निघतात, असं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे देवगिरीच्या पायथ्याला द्राक्षाचे वेल होते, त्याला पावणेसातशे वर्षं होऊन गेली. नाशिकची गोष्ट त्या मानाने कालची. ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षबाग लावली, तिथून त्या भागातल्या द्राक्षशेतीची सुरुवात मानतात.

मग वाइनरी नाशिकलाच का झाल्या? याचं उत्तर थंडीत आहे.

थंडीची करामत

जगात वाइनची द्राक्षं बहुतेक थंड मुलखांत होतात. काही ठिकाणी तर फारच उंचावर. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनात अँडीज पर्वतावर ३१०० मीटरहून उंच मळे आहेत. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात किन्नौरच्या रिब्बा गावात द्राक्षं होतात आणि त्यांची 'अंगूरी' पूर्वापार घरोघरी काढतात. त्यापुढे नाशिकची उंची म्हणजे काहीच नाही, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, जवळजवळ २००० फूट. आपलं शहरही उंचीने फारसं कमी नाही. पण नाशिकला सह्याद्री पाठीशी आहे, धरणांचं पाणी जवळ आहे आणि हिवाळ्यातल्या रात्री कडक थंड असतात. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथला पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'निफाड गारठले' अशी बातमी येते.

या थंडीने काय होतं? दिवसा उन्हाने मण्यात साखर भरते. रात्री गारवा असला की मण्यातली आंबट चव टिकून राहते. रात्रीही उकाडा असला तर ती आंबट चव उडते आणि द्राक्ष नुसतं गोडमिट्ट होतं. वाइनला गोडीही लागते आणि आंबटपणाही. आपल्या आमटीत गूळ असला तरी चिंच नको का? तसंच.

आणखी एक उलटी गोष्ट. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतात आणि द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरात उतरवतात. आपल्याकडे पावसाळ्यात रोगराई फार, म्हणून शेतकरी वेलाला हिवाळ्यात फळ धरायला लावतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये घड तयार. दोन छाटण्या आणि एक पीक! म्हणून बघायला जायचं तर हेच तीन महिने. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, पण वेलावर द्राक्ष नसतं.

थंडी जशी मैत्रीण तशी वैरीणही. पारा फारच उतरला तर मणी तडकतात. अशा रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून जागतात, पहाटे वेलांना पाणी देतात. त्या रात्री त्यांच्या घरातल्या बायकाही झोपत नाहीत, हे सांगायला नको.

कसं जायचं

रेल्वेने जायचं तर करमाडहून आधी छत्रपती संभाजीनगर गाठायचं. तिथून मनमाडमार्गे नाशिक रोडला जाणाऱ्या जनशताब्दी, तपोवनसारख्या गाड्या मिळतात. नाशिक रोड स्टेशन गावापासून लांब आहे, आणि वाइनरी तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, गंगापूर धरणाच्या बाजूला. तेव्हा पुढच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवा.

समृद्धी महामार्ग आपल्या शेंद्र्याजवळूनच जातो. तो नागपूरहून शिर्डीपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ पासून थेट ठाण्याकडे जाता येतं. इगतपुरीकडच्या वाइनरी आधी बघायच्या असतील तर हा रस्ता बरा. पण त्यावर मध्ये थांबायची सोय बेताची आणि आपल्याबरोबर गुडघेदुखीवाल्या काकू असतात, हे लक्षात ठेवा.

आम्ही मात्र जुन्याच रस्त्याने गेलो. वैजापूर, येवला, विंचूर, निफाड, नाशिक. का? येवला मध्ये लागतं म्हणून! पैठणी बघायला मिळणार असेल तर आणखी तासभर रस्ता कोणाला जड होतो? विकत घ्यायची नसली तरी मागावर बसलेला विणकर बघून या. आणि घ्यायची असलीच तर पदर उलटा करून बघा. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच सुबक दिसतो. मागच्या बाजूला धाग्यांचे लोंबते पुंजके दिसले तर ती यंत्रावरची समजा.

येवल्यापुढे विंचूरपासून द्राक्षबागा सुरू होतात. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं. त्या वेळी विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला खास वाइन पार्क काढले. आजच्या बहुतेक वाइनरी त्या धोरणानंतरच्या.

कुठे काय बघाल

नाशिकजवळ सर्वांत नावाजलेली वाइनरी सुला. अमेरिकेत शिकून आलेल्या राजीव सामंतांनी घरच्या जमिनीवर ती उभी केली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. आणि 'सुला' हे नाव कुठून आलं माहीत आहे? त्यांच्या आईचं नाव सुलभा, त्यावरून! आईच्या नावाने शाळा, दवाखाना ऐकला होता. हे ऐकून आमच्या काकू म्हणाल्या, "माझ्या नावाने मुलाने पिठाची गिरणी काढली तरी पुरे."

पाहुण्यांनी येऊन कारखाना बघावा, चव घेऊन बघावी, ही पद्धत आपल्या देशात सुलानेच २००५ साली सुरू केली. त्याच बाजूला, गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ यॉर्क आणि सोमा आहेत. इगतपुरी तालुक्यात कवनाईच्या बाजूला व्हॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. दिंडोरीकडेही मळे आहेत. एका दिवसात दोन पुष्कळ झाल्या. तिसरी बघायला गेलात तर पाय बोलायला लागतात आणि सगळ्या टाक्या सारख्याच दिसायला लागतात.

तिथे जाण्याआधी फोन करून वेळ ठरवून घ्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि गाणीबजावणीही असते. आपल्याला शांतपणे बघायचं असेल तर मंगळवार-बुधवार बरा. सकाळी लवकर गेलात तर तोडणी बघायला मिळते, कारण द्राक्षं ऊन चढायच्या आत, गार असतानाच उतरवतात.

मळ्यातल्या मावश्या

आम्ही गेलो तेव्हा एका मळ्यात तोडणी चालली होती. कात्री घेऊन घड उतरवणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच. पेठ, सुरगाणा या आदिवासी भागांतून हंगामात टोळ्यांनी कामाला येतात. खायच्या द्राक्षांच्या बागेत त्यांना फार काम असतं. घडातले जादा मणी काढायची विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, सगळं हातांनी. वाइनच्या द्राक्षाला तेवढे लाड नाहीत. तो मणी लहान, सालीने जाड आणि बियांचा. आम्ही एकेक तोंडात टाकला. रस मस्त गोड, पण साल तुरट आणि बी दाताखाली. घरी आणलं असतं तर मुलांनी तोंड वाकडं केलं असतं.

एका मावशींनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" आम्ही करमाड, औरंगाबादकडच्या म्हटल्यावर पुढचा प्रश्न काय असावा? "तिकडं पाणी कसं हाय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आमच्या मनात दिवसभर राहिला. गंगापूर धरण गोदावरीवरचं, आणि तीच गोदावरी पुढे पैठणला जायकवाडीत येते. शहराचं पिण्याचं पाणी त्याच जायकवाडीतून येतं. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर दुष्काळी वर्षी भांडण होतं. पाणी वाटून घ्या, असा आदेश २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला द्यावा लागला आणि २०१६ साली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हिरवेगार मळे बघताना टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिल्याची आठवण आपल्याला येणारच. यात राग नाही. तिथल्या बागाही ठिबकवर आहेत, पाणी मोजूनच देतात. पण एकाच नदीच्या दोन लेकी आहोत, हे वरच्या आणि खालच्या दोघींनीही विसरू नये.

आत काय चालतं? आपल्याच स्वयंपाकघरातलं!

आत गेल्यावर स्टीलच्या दुमजली टाक्या बघून पहिल्यांदा दडपण येतं. पण घाबरू नका. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या बाईला यात समजणार नाही असं काही नाही.

द्राक्षं आली की यंत्र देठ वेगळे काढतं आणि मणी फोडतं. पांढऱ्या वाइनसाठी रस दाबून सालीपासून लगेच वेगळा करतात. लाल वाइनसाठी रस काळ्या द्राक्षांच्या सालींसकट ठेवतात, कारण रंग सालीत असतो. काळं द्राक्ष सोलून बघा, आतला गर बहुतेक पांढुरकाच निघतो.

मग त्यात यीस्ट घालतात. म्हणजे आपलं विरजणच म्हणा. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं मद्यार्क बनवतं. बरोबर वायूही निघतो, ज्याने इडलीचं पीठ फुगतं तोच. उन्हाळ्यात पीठ लवकर आंबतं आणि थंडीत डबा कांबळ्यात गुंडाळावा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे उलटं. फार भरभर आंबलं तर वास आणि चव जाते, म्हणून टाक्यांना बाहेरून गारवा देतात. पांढरी साधारण १५ अंशांच्या आसपास, लाल जरा जास्त उबेत.

काही लाल वाइन पुढे ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन् महिने मुरते. एका पिंपात सुमारे २२५ लिटर मावते. लाकडाचा वास तिच्यात उतरतो. बरणीत मुरलेलं लोणचं आणि कालचं लोणचं यांतला फरक कोणी आपल्याला शिकवायला नको. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षं लागतात.

तळघरात बुचाच्या बाटल्या आडव्या रचून ठेवलेल्या दिसल्या. बूच ओलं राहावं, सुकून हवा आत जाऊ नये, म्हणून. ते ऐकून आमच्यातल्या एक वहिनी पटकन म्हणाल्या, "आमच्या गावातही बायकांनी बाटली आडवीच केली!" महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. वहिनींच्या माहेरगावात तसं मतदान झालं होतं. दाखवणारा मुलगा हसला, आम्हीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरचं घर दारूनेच मोडलं होतं.

वाइन म्हणजे दारू का?

वहिनींनीच मग तो प्रश्न त्या मुलाला विचारला. "हे फळाचं आहे, औषधी आहे म्हणतात. मग ही दारू नव्हे का?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "मावशी, यात शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क आहे."

तर मैत्रिणींनो, हे स्वच्छ समजून घ्या. वाइनचा १५० मिलिलिटरचा एक पेला आणि सुमारे ४५ मिलिलिटर व्हिस्की यांत मद्यार्क जवळजवळ सारखाच असतो. फळापासून झाली म्हणून ती सरबत होत नाही. "हृदयाला चांगली असते" हे पालुपद फार वर्षं ऐकलं. पण मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं. त्यातही बायकांनी लक्षात ठेवावं, की थोड्या मद्यानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर चवीपुरतीसुद्धा नको.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असं एक बाजू म्हणत होती. तांदूळ-डाळीच्या शेजारी बाटली आली तर घराघरांत शिरेल, असं दुसरी म्हणत होती. विरोध इतका झाला की तो निर्णय तेव्हा अमलात आला नाही. दोन्ही बाजूंत काहीतरी खरं आहे. तुमचं मत तुमच्या घरातला अनुभव ठरवील. आम्हा सातजणींतही एकमत झालं नाही, आणि गाडीत बराच वेळ वाद झाला. पण आपल्या नवऱ्यांनी चर्चा करायचा विषय आपण माहितीनिशी चर्चिला, याचं मला बरं वाटलं.

चव घ्यायची की नाही

हा ज्याचा त्याचा प्रश्न. कायद्याने वाइनला वय २१ पूर्ण हवं. आमच्यातल्या तिघींनी चव घेतली, चौघींनी नाही घेतली. कोणी कोणाला आग्रह केला नाही आणि कोणी कोणाला नाक मुरडलं नाही. हा नियम आम्ही गाडीत बसतानाच केला होता, तुम्हीही करा.

चव घ्यायची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. आधी पेला उजेडात धरून रंग बघायचा. मग हलकेच फिरवायचा, नाक नेऊन वास घ्यायचा आणि शेवटी एक लहान घोट. घोट गिळलाच पाहिजे असं नाही. टाकायला भांडं ठेवलेलं असतं आणि तिथल्या जाणकारांनाही त्यात टाकताना आम्ही पाहिलं. वास ओळखायच्या खेळात आमच्या न पिणाऱ्या काकूंनी बाजी मारली. एका पेल्याला पेरूचा आणि दुसऱ्याला मिरीचा वास त्यांनी बरोबर सांगितला. पन्नास वर्षं फोडणीचा वास घेतलेलं नाक ते!

घरच्या शेतीचा विचार असेल तर

तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी शेती असेल. हे सगळं बघून घरधन्याच्या डोक्यात "आपणही लावू या वाइनची द्राक्षं" असं येऊ शकतं. तेव्हा ही एक गोष्ट त्यांना सांगा. खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाही घेतलं तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं. ते हातगाडीवर खपत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वाइनरी. २००८ नंतर मंदी आली, वाइनचा खप पडला आणि काही वाइनरींनी माल उचलला नाही. त्या वेळी नाशिककडच्या अनेक शेतकऱ्यांवर उभ्या बागा तोडायची वेळ आली. म्हणून लेखी करार, त्यातला भाव, पैसे किती दिवसांत मिळणार, हे बघितल्याशिवाय एक वेलही लावू नये. आणि करारावर सही होण्याआधी तो घरातल्या बाईनेही वाचावा. कर्जाचे हप्ते थकले की मंगळसूत्र कोणाचं गहाण पडतं?

द्राक्षाने संसार उभा राहिल्याचं उदाहरण बघायचं तर नाशिकपर्यंत जायलाही नको. जालना तालुक्यातलं कडवंची गाव बघा. पाऊस बेताचा, जमीन हलकी. १९९६ पासून तिथे पाणलोटाची कामं झाली, बांध घातले, पुढे शेततळी झाली, आणि मग द्राक्ष आलं. आधी पाणी अडवलं, मग बाग लावली. क्रम महत्त्वाचा.

निघण्याआधी

• स्वेटर, शाल, कानाला रुमाल न्याच. सकाळी मळ्यात दात वाजतात आणि दुपारी ऊन लागतं.

• चपला सपाट तळाच्या. तळघरातली फरशी ओली असते.

• आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. आत फिरवून दाखवायचे पैसे किती, चव न घेणारीला काही सूट आहे का, आणि लहान मुलं चालतात का.

• २६ जानेवारीसारखे कोरडे दिवस टाळा. त्या दिवशी विक्री बंद असते.

• टाक्यांच्या तोंडाशी वाकून बघू नका. आंबताना निघणारा वायू गुदमरवतो.

• बाहेरचं खाणं आत चालेलच असं नाही. दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू गाडीतच ठेवा.

• गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरला हे निघतानाच सांगा, आणि त्याच्या जेवणाची, आरामाची सोय करा.

• घरी काय सांगायचं? खरं सांगा. "नाशिकला द्राक्षाचा कारखाना बघायला जातोय, वाइनरी म्हणतात त्याला." लपवून गेलं की साधी गोष्टही वाईट दिसते.

द्राक्षं घरी आणल्यावर

येताना निफाडच्या रस्त्यावर खायची द्राक्षं घ्या. देठ हिरवे असतील तर माल ताजा. मण्यावर जी पांढरी लव दिसते ती औषधाची नसते बरं का, ते मण्याचं स्वतःचं मेण असतं. त्याने फळ टिकतं. म्हणून द्राक्षं आणल्याबरोबर सगळी धुऊन ठेवू नका. न धुता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. खायच्या वेळी लागतील तेवढी मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा आणि मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

लहान, मऊ पडलेले मणी टाकू नका. ते धुऊन, कुटून, गाळून रस काढा. त्यात थोडं आलं, जिरेपूड, मीठ आणि चवीला साखर घाला. गार पाण्यात हे सरबत फार छान लागतं. मात्र ते त्याच दिवशी संपवा. दोन दिवस बाहेर राहिलं तर फेस धरून आंबायला लागेल. का आंबेल, ते आता तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको!